आधी चालणारा, मग चालवणारा

पहाटे पावणेसहा

जानेवारीत साताऱ्याला या वेळी मिट्ट काळोख असतो. रात्रभर पडलेल्या दवाने शिकवणीच्या गाडीच्या काचा ओल्या झालेल्या असतात. आधी काचा, मग आरसे, मग दिवे पुसायचे, हा माझा रोजचा क्रम. त्यानंतर चाकांची हवा, ब्रेक ऑइल, इंडिकेटर आणि शेवटी माझ्या बाजूचे क्लच आणि ब्रेक. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला असे दुहेरी पेडल असावेच लागतात, त्याला आम्ही ड्युअल कंट्रोल म्हणतो. पुढेमागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ असतो. ही पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस हवी, असं नियमातच आहे. धुळीने ती मळली तर तिचा उपयोग काय? इथे कुणीतरी शिकतंय, जरा दमानं घ्या, हे मागच्या गाडीवाल्याला तिच्यावरूनच कळतं.

या वेळेला रस्त्यावर गाड्या थोड्या आणि माणसं जास्त. कानटोप्या घालून फिरायला निघालेले आजी-आजोबा, सायकलला कॅन अडकवलेले दूधवाले, पेपर टाकणारी मुलं, भरतीच्या तयारीसाठी पळणारी पोरंपोरी. यातले बहुतेक जण रस्त्याच्या डाव्या कडेने, येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून चालतात. ओळखीचं कुणी दिसलं की मी काच खाली करून सांगते, “काका, फुटपाथ असेल तिथे फुटपाथवरून चाला. नसेल तिथे उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी तुम्हाला दिसेल. आणि उद्यापासून फिकट रंगाचा स्वेटर घाला.” डिपरच्या उजेडात काळा ट्रॅकसूट फार उशिरा दिसतो. तेवढ्या उशिरात गाडी कितीतरी मीटर पुढे आलेली असते.

सकाळी साडेसहा

पहिल्या बॅचला एक काकू नव्याने आल्या आहेत. मुलगी परगावी नोकरीला, यजमानांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे गाडी आता त्यांनाच चालवायची आहे. पहिल्या दिवशी मी कुणालाच स्टेअरिंगवर बसवत नाही. पोवई नाक्याकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यावर झेब्रापाशी घेऊन जाते आणि सांगते, “आधी हा रस्ता पायी ओलांडून या.”

काकू उभ्या राहतात. एसटी जाते, टेम्पो जातो, दोन दुचाक्या पट्ट्यांवरूनच वळण घेतात. काकू एक पाऊल पुढे टाकतात आणि मागे घेतात. “मॅडम, कुणी थांबतच नाही हो.”

“तेच बघायला आणलंय तुम्हाला. उद्या तुम्ही गाडीत असाल आणि इथे दुसरं कुणीतरी उभं असेल.”

मग तिथेच आमचा पहिला हिशेब होतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातोच, म्हणजे १४ मीटर असेच गेले. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असले तरी गाडी उभी राहायला आणखी साधारण तेवढंच अंतर लागतं. दोन्ही मिळून २८ मीटर. मी ते अंतर पावलांनी मोजून दाखवते. एवढ्या लांबून झेब्रा दिसला तर तिथूनच पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला पाहिजे. पावसाळ्यात तर त्याच्याही आधी.

आपल्या देशात गाडी कशी चालवायची, हे केंद्र सरकारच्या २०१७ च्या मोटार वाहन (वाहनचालन) विनियमांत लिहिलेलं आहे. त्याआधी १९८९ चे रस्त्याचे नियम होते. दोन्हींच्या मुळाशी १९८८ चा मोटार वाहन कायदा. या विनियमांत पायी चालणाऱ्याबद्दल शंकेला जागाच ठेवलेली नाही. जिथे सिग्नल किंवा पोलीस नाही अशा झेब्रापाशी येताना वेग कमी करायचा, माणूस ओलांडत असेल तर थांबायचं आणि त्याला आधी जाऊ द्यायचं. पुढे वाहनं तुंबलेली असतील तर झेब्रावर गाडी घालायचीच नाही, अलीकडे थांबायचं. झेब्रापाशी उभ्या असलेल्या गाडीला ओव्हरटेक करायचं नाही, कारण ती कुणासाठी थांबली आहे ते आपल्याला दिसत नसतं.

काकू ओलांडून पलीकडे जातात, परत येतात आणि म्हणतात, “आता मी कुणाला उभं नाही ठेवणार.” पहिल्या दिवशी मला एवढंच हवं असतं. क्लच आणि गिअर उद्यापासून.

सकाळी पावणेआठ

शाळा भरायची वेळ. राजवाडा, मोती चौक, सगळीकडे रिक्षा, स्कूल बस आणि दुचाक्यांची एकच गर्दी. वडील पुढे, मधे लेक, मागे आई, आणि हेल्मेट आरशाला लटकवलेलं. हे दृश्य इतकं रोजचं झालंय की डोळ्यांना खुपेनासं झालंय. मला ते खुपतं, आणि खुपत राहायला हवं.

कायद्याच्या १२९ व्या कलमानुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. चालवणारा, मागे बसलेला, बाई, पुरुष, शाळकरी मूल, कुणीही असो. चार वर्षांखालच्या मुलांसाठी २०२२ मध्ये वेगळा नियम झाला. मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरच्या बाळाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ४० च्या आत हवा. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा अपघातात जीव गेला. हेल्मेटवर आयएसआयची खूण आहे का ते बघायचं, आणि हनुवटीखालची क्लिप ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत लावायची. क्लिप न लावलेलं हेल्मेट पहिल्या धक्क्यालाच उडून जातं.

या बॅचला बाजारात दुकान असलेला एक तरुण आहे. दुचाकी वर्षानुवर्षं चालवतोय, त्यामुळे हात धीट आहे, पण अंगठा सारखा हॉर्नवर. मी सांगते, “दादा, शाळा, दवाखाना आणि कोर्टाच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं. आणि तसंही हॉर्न वाजवला म्हणून समोरचं मूल तुमच्या अपेक्षेप्रमाणे वागेल असं नाही. ते दचकून पुढेही पळेल किंवा मागेही. हॉर्न वाजवायच्या आधी ब्रेक.”

शाळेजवळच्या झेब्रावर एक आजी नातवाचं दप्तर खांद्याला अडकवून उभ्या आहेत. दादा गाडी थांबवतो. बरोबर थांबवतो, पट्ट्यांच्या अलीकडे. पण मागून एक जीप कर्णकर्कश हॉर्न देते. दादाचा डावा पाय क्लचवर थरथरतो, गाडी हातभर पुढे सरकते. माझा पाय माझ्या ब्रेकवर असतोच. गाडी जागीच थांबते. आजी आमच्याकडे बघत बघत नातवाला ओढत पलीकडे नेतात.

“मागचा कितीही ओरडू दे,” मी म्हणते, “तो पाठीमागे आहे. आपल्यावर जबाबदारी समोरच्याची.” दादा मान हलवतो. पुढच्या झेब्रावर तो हँडब्रेक ओढून शांत उभा राहतो.

सकाळी साडेनऊ

आज दोघांची आरटीओत पक्क्या लायसन्सची चाचणी आहे. लर्निंग लायसन्स हातात पडल्यावर ३० दिवसांनी पक्क्यासाठी अर्ज करता येतो, आणि लर्निंग सहा महिनेच चालतं. लर्निंगची परीक्षा २०२१ पासून महाराष्ट्रात आधार कार्डाच्या मदतीने घरबसल्याही देता येते. सोय मोठी आहे, पण उत्तरं शिकणाऱ्यानेच दिली पाहिजेत, ही काळजी घरच्यांनी घ्यायची. भावाने दिलेल्या उत्तरांवर बहिणीला लायसन्स मिळालं, तर रस्त्यावर भाऊ तिच्या शेजारी थोडाच बसणार आहे?

ट्रॅकवर दुचाकीवाल्यांचा ‘आठ’ चाललेला असतो. पाय खाली टेकला की गेला. चारचाकीला ‘एच’. पुढे, मागे, वळून पुन्हा मागे, खांबाला न लागता. माझी विद्यार्थिनी घामाघूम झालेली असते. मी तिला आरसे लावायला सांगते, सीट पुढे घ्यायला सांगते आणि म्हणते, “हाफ क्लचवर ठेव, घाई करू नकोस.” ती सुंदर ‘एच’ काढते.

तरी माझ्या मनात एक गोष्ट राहतेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १५ व्या नियमात चाचणीच्या वेळी काय काय बघायचं याची लांबलचक यादी आहे. आरसा, इशारे, वळण, चढावर गाडी उचलणं आणि मागे घेणं तर आहेच. त्याच यादीत, सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या पादचारी पट्ट्यांवर ओलांडणाऱ्याला प्राधान्य देऊन उमेदवार बरोबर वागतो का, हेही बघायचं असतं. पण बंदिस्त ट्रॅकवर रस्ता ओलांडणारं माणूस येणार कुठून? खांबाला धक्का न लावणं शिकवता येतं, मोजताही येतं. माणसाला धक्का न लावणं मात्र भर रस्त्यावर, रोज सराव करूनच अंगात मुरतं. म्हणून ती परीक्षा मी माझ्या पातळीवर घेते. ती कशी, ते दिवसाच्या शेवटी सांगते.

साडेअकरा

ऑफिसमधला वर्ग. भिंतीवर चिन्हांचा तक्ता, समोर खुर्च्या, टेबलावर खेळण्यातल्या गाड्या. नियमाप्रमाणे चारचाकीच्या शिकवणीला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास लागतात. त्यासोबत वर्गही आलाच. बरेच जण वर्गाला कंटाळतात, म्हणून मी चिन्हं पाठ करायला न लावता त्यांचा आकार ओळखायला लावते.

लाल कडेचं गोल म्हणजे मनाई: प्रवेश बंद, ओव्हरटेक बंद, वेगमर्यादा. निळं गोलही आज्ञाच, पण ‘हे करा’ सांगणारी. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे सावधान: पुढे वळण, घाट, शाळा, गतिरोधक. निळा चौकोन म्हणजे माहिती: दवाखाना, पेट्रोल पंप, पार्किंग. मग मी विचारते, “थांबा ही पाटी आठ कोनांची का? आणि रस्ता द्या ही पाटी उलट्या त्रिकोणाची का?” कुणालाच उत्तर येत नाही. हे दोन आकार दुसऱ्या कुठल्याही पाटीला नसतात. त्यामुळे पाटीवर चिखल असला, अक्षरं पुसली किंवा ती पाठमोरी दिसली, तरी ओळखता येते. मला थांबायचंय की समोरच्याला, हे दोघांनाही एकाच वेळी कळतं.

मग टेबलावर चौक मांडायचा. सिग्नल नाही, पोलीस नाही, चार बाजूंनी चार गाड्या. आधी कोण? मुख्य रस्त्यावरच्याला प्राधान्य. दोन्ही रस्ते सारखेच असतील तर आपल्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गोल चक्कर असेल तर आत फिरणाऱ्या गाडीचा हक्क आधी, बाहेरून येणाऱ्याने थांबायचं. पिवळा दिवा लागला म्हणजे वेग वाढवायची वेळ झाली, असा समज सर्रास आढळतो. पिवळा म्हणजे थांबा. रेषेच्या इतके जवळ असाल की सुरक्षित थांबताच येणार नाही, तरच पुढे जायचं. लाल असताना डावीकडे वळायलाही फ्री लेफ्टची पाटी लागते. रस्त्यावरची रेषा अखंड असेल तर ओलांडायची नाही. तुटक असेल तर बघून, इशारा देऊन.

पोरं दंडाचं विचारतात. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढले आणि महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून नवे दर लागू झाले. दारू पिऊन गाडी चालवली, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रुग्णवाहिकेला वाट न देण्यालाही १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. मी फळ्यावर रकमा लिहिते आणि पुसून टाकते. मग एकच आकडा लिहिते: १,६८,४९१. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर इतकी माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. साधारण दर पाचातला एक जण कुठल्याही वाहनात नव्हता. वर्गात चुळबुळ थांबते. दंड चुकवता येतो. हा आकडा कुणा ना कुणाच्या घरी पोचलेला असतो.

दुपारी दोन

जेवणानंतर एक गृहस्थ मुलाला घेऊन येतात. मुलगा अकरावीत आहे, सोळाचा, उंचापुरा. “गाडी छान चालवतो हो, शेतात ट्रॅक्टरसुद्धा चालवतो. तुम्ही फक्त जरा रस्त्यावर हात बसवून द्या. लायसन्सचं पुढे बघू.”

मी चहा मागवते, कारण हे बोलणं पाच मिनिटांत संपत नाही. कायदा स्पष्ट आहे. गिअरची दुचाकी आणि मोटार यांना १८ वर्षं पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं लायसन्स मिळतं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर २०१९ मध्ये आलेल्या १९९अ या कलमाने पालक किंवा गाडीमालकच दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

“साहेब, हात त्याचा बसलाय, हे मला मान्य आहे. पण रस्त्यावर समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखावं लागतं. शेतात बांध असतो, शाळेतून सुटलेलं मूल नसतं.” मुलाकडे वळून मी विचारते, “तुला सायकल येते ना? पुढची दोन वर्षं सायकलवर सगळे नियम पाळून दाखव. अठरा पूर्ण झाल्या दिवशी ये. पहिली बॅच तुझी.”

वडील थोडे नाराज होऊन उठतात. मुलगा मात्र जाताना चिन्हांच्या तक्त्यापाशी बराच वेळ थांबतो.

दुपारी चार

समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट. पुढे कासला जाणारा हाच रस्ता, सप्टेंबरात फुलं बघायला इथे गाड्यांची रीघ लागते. आज वर्दळ कमी आहे, शिकायला बरी. गाडीत बसलेल्या सगळ्यांना आधी पट्टे लावायला सांगते, मागच्यांनाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचं अपघातात निधन झालं, ते मागच्या सीटवर होते. तेव्हापासून मागच्या पट्ट्याची चर्चा झाली, नियम मात्र त्याच्या आधीपासूनच होता.

घाटाचा पहिला नियम: अरुंद जागी समोरासमोर आलो तर उतरणाऱ्याने थांबायचं, चढणाऱ्याला जाऊ द्यायचं. भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलायला जड जाते, मागे घसरायची भीती असते. उतरणाऱ्याला ब्रेक लावून कडेला उभं राहणं सोपं. ज्याला थांबणं सोपं त्याने थांबावं. नीट बघितलं तर रस्त्याचे बहुतेक नियम याच न्यायाने चालतात. ट्रकने मोटारीला, मोटारीने दुचाकीला, दुचाकीने सायकलला सांभाळायचं, आणि सगळ्यांनी मिळून पायी चालणाऱ्याला. जो जितका जड आणि वेगवान, त्याच्यावर तितका भार.

वळणावर ओव्हरटेक नाही, समोरचं दिसत नसताना तर नाहीच. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं. उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करायची सवय मी पहिल्याच दिवशी मोडते, कारण मग सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. विद्यार्थी दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाची ओढ ऐकत सावकाश खाली उतरतो. वाटेत गवताचा भारा डोक्यावर घेतलेल्या बाया एका रांगेत चालल्यात. फुटपाथ नाही, कडेला ओघळ. तो आधीच वेग कमी करतो, समोरचा रस्ता मोकळा झाल्यावरच उजवीकडे सरून भरपूर अंतर राखत पुढे जातो. मी काही बोलत नाही, फक्त वहीत टिपून ठेवते.

सायंकाळी साडेपाच

सायकलवाल्यांचा तास. सायकल हे मोटार वाहन नाही, तिला लायसन्स लागत नाही, नंबर प्लेट लागत नाही. म्हणूनच बहुतेक मुलांना रस्त्याचे नियम कुणीच कधी सांगितलेले नसतात. जानेवारीत देशभर रस्ता सुरक्षा अभियान असतं, त्या निमित्ताने आमच्या आळीतल्या मुलामुलींना मी मैदानावर बोलावते.

डावीकडून चालवा, वाहतुकीच्या उलट्या दिशेने कधीच नाही. गर्दीत शेजारी शेजारी गप्पा मारत नाही, एकामागे एक. वळायचं असेल तर आधी मागे बघा, मग हात बाहेर काढा, मग वळा. पुढे पांढरा दिवा, मागे लाल, दोन्ही चाकांना रिफ्लेक्टर. कानात इअरफोन नको. मोठ्या ट्रकच्या डाव्या कुशीत घुसायचं नाही, कारण तिथे ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही. मुलींची रांग हात बाहेर काढून डावं-उजवं वळण घेत मैदानाला फेऱ्या मारते. आठवीतली एक मुलगी विचारते, “मॅडम, पण गाडीवाले आम्हाला अगदी घासून जातात, त्यांना कोण सांगणार?”

त्यांना मी सांगते. म्हणून तिच्यासमोरच माझ्या दोन विद्यार्थ्यांना बोलावते. सायकलच्या बाजूने जाताना निदान दीड मीटर अंतर ठेवा. एवढी जागा नसेल तर मागे थांबा. सायकलवाला खड्डा चुकवायला अचानक हातभर उजवीकडे येतो, हे गृहीत धरा. आणि रस्त्याकडेला गाडी लावून उतरताना ड्रायव्हरचं दार डाव्या हाताने उघडा. ते मी करून दाखवते. डावा हात उजव्या दाराकडे नेला, की खांदा आपसूक वळतो, मान वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. मुली सायकलवरून जातात, विद्यार्थी आत बसून दार उघडायचा सराव करतात. अगदी साधी हालचाल, पण ती अंगवळणी पडली तर एखादं डोकं वाचतं.

संध्याकाळी सात

हायवेचा धडा अंधार पडल्यावर. बॉम्बे रेस्टॉरंट चौकातून पुणे-बंगळुरू महामार्गावर. या दिवसांत साखर कारखान्यांचं गाळप जोरात असतं. उसाने भरलेल्या बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, रस्त्यावर सांडलेल्या मोळ्या. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, असला तर उसाच्या शेंड्यांनी झाकलेला असतो.

आज नेमकी अशीच एक ट्रॉली समोर येते. आधी फक्त काळोखाचा एक मोठा गठ्ठा. मग आमच्या डिपरच्या उजेडात हिरवी-पिवळी पाती आणि एकच लाल रिफ्लेक्टर चमकतो. आज स्टेअरिंगवर असलेल्या ताईने वेग आवरलेला होता म्हणून तिला पुरेसं अंतर मिळतं. ती आरसा बघते, इंडिकेटर देते, उजव्या बाजूने मोकळं असल्याची खात्री करून पुढे जाते आणि ट्रॉली आरशात पूर्ण दिसल्यावरच डावीकडे येते. डावीकडून ओव्हरटेक नाही, याचा अर्थ तिला आज नीट समजतो.

दोन गोष्टी मी इथे पक्क्या करून घेते. समोरून गाडी येत असेल किंवा आपण कुणाच्या मागे असू, तर दिवे डिपरवर. अप्परच्या झोताने समोरच्याचे डोळे काही क्षण दिपतात आणि त्या क्षणांत तो आंधळाच असतो. दुसरी गोष्ट, पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर. ती एखाद्या खांबापाशी गेली की मोजायला लागायचं. ताशी ६० ला तीन सेकंद म्हणजे ५० मीटर. ते अंतर बघून मध्ये कुणी घुसलं, तर रागवायचं नाही, पुन्हा थोडं मागे राहायचं.

एका फाट्यापाशी एसटी थांबलेली असते. तिच्यापुढून माणसं रस्ता ओलांडणार, हे धरूनच चालायचं. ताई वेग कमी करते. खरंच, बसच्या आडून पिशव्या घेतलेले दोघं बाहेर येतात.

रात्री साडेआठ

परतल्यावर ऑफिसच्या बाहेर टपरीवर चहा. बॅचमधला एक जण वडाप, म्हणजे प्रवासी जीप, चालवणाऱ्या घरातला आहे. तो म्हणतो, “रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तरी आमच्याकडे थांबत नाहीत मॅडम. पोलीस स्टेशन, कोर्ट, कोण निस्तरणार?”

हा भ्रम मोडायलाच हवा. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने १३४अ हे कलम कायद्यात आलं. चांगल्या हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव सांगायची सक्ती नाही, दवाखान्यात त्याला अडवून ठेवता येत नाही. महाराष्ट्रात १०८ लावला की रुग्णवाहिका येते, ११२ वर पोलीस. आणि आपल्याच गाडीने अपघात झाला असेल तर जखमीला दवाखान्यात पोचवणं हे चालकाचं कायद्याने ठरवलेलं कर्तव्य आहे. पळून जाणं हा वेगळा गुन्हा. मी तिथल्या तिथे सगळ्यांना फोनमध्ये १०८ सेव्ह करायला लावते. वडापवाला मुलगा म्हणतो, “आज घरी जेवताना हे सांगतो.” ते घर दिवसभर रस्त्यावर असणाऱ्यांचं. तिथे हे पोचलं, तर खूप झालं.

रात्री साडेनऊ

आता कागदपत्रं. फॉर्म १४ म्हणजे प्रवेशाचं रजिस्टर, फॉर्म १५ म्हणजे कुणी किती तास गाडी चालवली याची नोंद. आणि शेवटी फॉर्म ५, शिकवणी पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र. त्याखाली माझी सही लागते.

सकाळी ज्या परीक्षेचं म्हटलं, ती इथे संपते. तास भरले, गिअर बसले, ‘एच’ जमला, तरी मी माझी वही उघडून बघते. मी काही न सांगता हा विद्यार्थी झेब्रापाशी थांबला का? मागून हॉर्न वाजत असतानाही थांबून राहिला का? सायकलला जागा दिली का? घाटात चढणाऱ्याला आधी जाऊ दिलं का? आजच्या पानावर घाटातल्या मुलापुढे खूण आहे, ताईपुढे आहे, दुकानवाल्या दादापुढे एक खूण आहे आणि एक बाकी आहे. त्याची सही आज होणार नाही. त्याला मी उद्या आणखी एक फेरी देईन, तिचे पैसे घेणार नाही.

काही पालक म्हणतात, मॅडम फार ताणतात, बाकीच्यांकडे लवकर होतं. होत असेल. पण लायसन्सवरचा फोटो त्या मुलाचा असला, तरी त्याच्या गाडीपुढून जाणारं माणूस आपल्या सगळ्यांचं आहे. त्या माणसाला माझं नाव माहीत नसतं, फॉर्म ५ माहीत नसतो. गाडी थांबेल, एवढ्या एका भरवशावर तो पाऊल पुढे टाकतो. तो भरवसा खरा ठरावा, म्हणून ही सही मी सर्वांत शेवटी आणि खात्री पटल्यावरच करते. उद्या तुम्ही गाडी काढाल तेव्हा वाटेत जो पहिला झेब्रा लागेल, तिथे थांबा. मागचे गाडीवाले दोन दिवस हॉर्न वाजवतील, तिसऱ्या दिवशी तेही थांबायला शिकतील.